चौथ्या बुरुजाचा छेद

पुण्यात आर्किटेक्चर कॉलेजात शिकवता शिकवता मी पीएचडीला नाव नोंदवले तेव्हा पंचेचाळिशी मागे पडली होती. त्या वयात विषय सोयीचा घ्यावा, तसा मी घेतला: बुलढाणा जिल्ह्यातल्या मातीच्या गढ्या. चिखलीला भावाचे घर, म्हणजे राहण्याजेवण्याची सोय. गढ्यांवर फारसे लिहिलेले नाही, म्हणजे वाचायचे कमी आणि मोजायचे जास्त. मोजणे मला जमते. सकाळी पिशवी भरताना टेप, ओळंबा, पाण्याची नळी, ड्रॉइंग बोर्ड, टोपी, बिस्किटे अशा यादीवर खुणा होत गेल्या की दिवसाचे निम्मे काम झाल्यासारखे वाटते.

ही गढी उंद्रीच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत गेल्यावर लागते. गावाचे नाव देत नाही. तसे मी तिथे कबूल केले आहे. गढीचे मालक फार पूर्वी शहरात गेले आणि जागा ग्रामपंचायतीला देऊन मोकळे झाले. चार बुरुजांपैकी तीन बसून गेले होते. मातीचा बुरूज धाडकन कोसळत नाही, तो वर्षानुवर्षे खाली बसत जातो आणि शेवटी ढिगारा उरतो. चौथा मात्र पुऱ्या उंचीचा उभा होता. फक्त त्याचे पोट फुगले होते आणि तो शाळेच्या वाटेवर झुकला होता. त्याच्या दुरुस्तीला पैसे मंजूर झाले होते आणि पावसाळ्याआधी काम उरकायचे होते. रेखाटने मी फुकट करून द्यायची आणि ती प्रबंधात वापरायची, असे ठरले.

माझा पहिला प्रश्न सरळ होता. एकाच मातीचे, एकाच वेळी बांधलेले चार बुरूज. तीन गेले, एक का राहिला? मार्गदर्शक फोनवर म्हणाले, "बांधकामात फरक असणार. नमुने घ्या." घेतले. माती तीच, भुसा तोच, विटांचा आकारही तोच.

उत्तर गावाच्या छपरांवर होते. इथली जुनी घरे धाब्याची आहेत: लाकडी सरे, त्यावर काटक्या, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्याच्या शेवटी त्या थरावर नवी पांढरी माती पसरतात, कारण ती पाणी आत सोडत नाही. पांढरी मिळते गढीत. पिढ्यानपिढ्या लोक पाटीपाटीने नेत आले. म्हणजे तीन बुरूज पावसाने नेले नव्हते, ते गावाच्या डोक्यावर जाऊन बसले होते. चौथ्याला कुणी कुदळ लावली नव्हती.

एकजण धाब्यावर माती पसरत होता. त्याला खालून विचारले, "त्या बुरुजाची माती का घेत नाही तुम्ही?"

"त्याची माती डोक्यावर घेऊन कोन झोपन, ताई?" तो वरून म्हणाला.

"म्हणजे? काय होतं?"

"काई नाई होत. पन झोप लागाले पायजे ना मानसाले." मग हसला. "तुमी न्या एक पोतं. पुन्याले विका. तिकडं भाव येईन."

मी मुद्दा लिहून घेतला: लोक घेत नाहीत, कारण विचारणे. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट लिहिली होती. ढिगाऱ्यांच्या बिळांत साळुंक्या होत्या, पारवे होते. चौथ्या बुरुजात जुन्या तुळयांची भोके तशीच मोकळी होती आणि त्यांत एकही पक्षी नव्हता. "पक्षी: नाहीत" असे लिहून मी पुढच्या कामाला लागले.

कारण सांगणारा माणूस स्वतःच चालत आला. निवृत्त प्राथमिक शिक्षक, पांढरा सदरा, हातात पाण्याने भरलेली कळशी. मी बुरुजाच्या सावलीत बोर्ड मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी मला नमस्कार केला, माझ्या पलीकडे वाकून कळशी बुरुजाच्या पायाशी ओतली आणि ती उपडी करून झटकली. पाणी पसरले नाही. जिथे पडले तिथेच आत गेले.

"हे रोज करता?" मी विचारले.

"उन्हाळाभर. आमच्या आज्यापासून."

"पूजा आहे का काही?"

"पूजा नाही," ते जरा कडक आवाजात म्हणाले. "आज्यानं दीक्षा घेतली तवा घरातले सगळे देव नदीत सोडले. आमी बौद्ध हाओत. हे देव म्हून नाही, मॅडम. तहान म्हून."

मग त्यांनी सांगितले. बुरूज बांधताना दर खेपेला ढासळत होता. तेव्हा कुणीतरी गढीवाल्यांना सांगितले की माणूस घातल्याशिवाय हा उभा राहणार नाही. गढीची वरकड कामे करणाऱ्या, या शिक्षकांच्याच घराण्यातले एक जोडपे आत बसवले आणि बाहेरून भिंत चढवली. बदल्यात वर्षातून एकदा गढीतून त्यांच्या घरी भाकरीचे ताट यायचे. त्याला मान म्हणायचे.

"आज्यानं ताट परत धाडलं. म्हने, आमचा मान आमच्यापाशी हाय. पन पाणी नाही बंद केलं."

मी अशा कथा बऱ्याच गढ्यांवर ऐकल्या आहेत. प्रबंधात त्यांना एक परिच्छेद मिळतो, 'लोकश्रुती' या मथळ्याखाली. तसे मी त्यांना सांगितलेही. ते रागावले नाहीत. माझ्या बोर्डावर वाकून चित्र पाहू लागले.

चित्र छेदाचे होते. छेद म्हणजे इमारत वरपासून खालपर्यंत सुरीने कापली तर कशी दिसेल, ते. कापलेला भरीव भाग तिरप्या रेघांनी भरतात. विद्यार्थीदशेपासून हाताला इतकी सवय की रेघा आपोआप उतरतात. बुरुजाचे पोट मी काठोकाठ भरून टाकले होते.

"हे काय हाय?"

"माती. भरीव बांधकाम."

"तुमी आत जाऊन पाह्यलं?"

"नाही. पण बुरूज भरीवच असतात, गुरुजी."

"म्हंजे न पाह्यता भरली." ते सरळ झाले. "मॅडम, एक मागतो. इंजिनेर येतीन, काम सुरू होईन, मंग हे कायमचं बंद. त्याच्या आंधी मले एकडाव पाह्यचं हाय. आत कोनी हाय का नाही. आज्यानं पाणी टाकलं, बापानं टाकलं, मी टाकून राह्यलो. कोनाले टाकून राह्यलो?"

मी पाहते म्हणाले. घरी येऊन पहिले काम केले ते रेघा खोडायचे. त्या जागी कागद पांढरा राहिला आणि तो मला कामभर टोचत राहिला, कारण तोवर मी एवढा मोठा कोरा भाग कुठल्याच रेखाटनात ठेवला नव्हता.

दुसऱ्या खेपेला बुरुजाचा कल मोजायचा होता. छातीच्या उंचीवर एक उभी फट होती, हात जाईल एवढी. तिच्या वर खिळा ठोकून मी ओळंबा सोडला आणि तो थांबायची वाट पाहू लागले. ओळंबा थांबेना. टळटळीत दुपार होती, निंबाचे पान हलत नव्हते. मी कारणे एकेक करून तपासली. दोऱ्याला पीळ असेल: दोरा बदलला. खिळा सैल असेल: दुसरीकडे ठोकला. माझाच धक्का लागत असेल: चार पावले मागे सरून उभी राहिले. वजन सावकाश, जराही घाई न करता बुरुजापासून दूर जायचे आणि परत यायचे. शेवटी फटीपाशी तळहात धरला. आतून गार वारा येत होता. थोडा वेळ आला, मग थांबला, मग आत ओढू लागला.

याला शास्त्र आहे. आत मोठी पोकळी असली आणि बाहेरची हवा तापली की आतबाहेर असा झोत चालतो. गुहांच्या तोंडाशी हे नेहमी दिसते. मी तसे लिहिले आणि मग लाकडी मोगरीने बुरूज ठोकून पाहिला. डावीकडे ठस्स. उजवीकडे ठस्स. फटीभोवती, पायापासून माझ्या खांद्यापर्यंत, आवाज पोकळ माठासारखा. मी त्या भागाची कड खडूने आखली. आखून झाल्यावर मागे सरून पाहिले. वर गोल, खाली रुंद असा आकार निघाला होता. मी तो ओल्या फडक्याने पुसला आणि फक्त कोपऱ्यांचे बिंदू ठेवले. रेखाटनाला बिंदू पुरतात.

पाण्याचे बोलणे मलाच काढावे लागले. मातीच्या बांधकामाला पायाशी पाणी म्हणजे विष. पोकळी मुळात कशीही झालेली असो, कळशीने ती वाढवली असणार. गुरुजींच्या घरी चहाला गेले तेव्हा शक्य तेवढ्या साधेपणाने सांगितले.

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हंजे तीन पिढ्या आमीच पाडून राह्यलो त्याले?"

"असं नाही म्हणत मी. पण आता तिथे नको."

त्यांची बायको आतून बोलली. मोठ्या आवाजाची, मोकळी बाई. "बरं झालं सांगतलं, ताई. मेलेल्याले रोज कळशी पाजते हा मानूस, अन् घरात बायकोनं पाणी मागतलं तं म्हनते, माठ थोच हाय समोर."

"तू जित्ती हायस ना," गुरुजी म्हणाले. "उठून घे."

"हाव, मंग मलेबी भित्तीत घाला. पाणी तं भेटन."

ती हसली, मीही हसले. गुरुजी हसले नाहीत. दुसऱ्या दिवशीपासून ते कळशी बुरुजापासून लांब, निंबाच्या बुडाशी ओतू लागले. पाणी तिथे नेहमीसारखे पसरायचे, चिखल व्हायचा.

इंजिनिअर बुलढाण्याहून आले. कमी बोलणारे, कामाचे. पोकळी आहे हे त्यांनी मोगरीच्या आवाजावरूनच मानले. त्यांच्याकडे लांब वायरचा बारीक कॅमेरा होता, भिंतीतले नळ तपासायला वापरतात तसला. तो मोबाइलला जोडला की चित्र दिसते. फटीतून वायर आत सोडायची असे ठरले. गुरुजी आले, त्यांच्या मागे बायको आली. सरपंचांनी निरोप पाठवला की गुरुजी म्हणतील तसे करा. बाकी गावातले कुणी फिरकले नाही. एरवी गढीवर मोजमाप असले की निदान चारदोन माणसे विडी ओढत बसलेली असायची.

पडद्यावर आधी धूळ, मग एक वाळलेले मूळ, मग काळोख. इंजिनिअरनी कॅमेऱ्याचा दिवा वाढवला. समोरची भिंत दिसली. गुळगुळीत होती, लिंपलेली. मातीवर बोटांचे फराटे होते, चार चारच्या जुडीने, कमानीसारखे वळत गेलेले. कुठल्याही मातीच्या घरात दिसतात तसे.

"पेव आहे," इंजिनिअर म्हणाले. "धान्य साठवायचं. आतून लिंपायचं, वरून भरायचं. गढीत असतंच."

मला हायसे वाटले, हे खरे. पेवाला वर तोंड लागते आणि ते मला माथ्यावर कुठे सापडले नव्हते. पण माथा पावसाने झिजला आहे, तोंड बुजले असेल. तळाशी पडक्या मातीचा ढीग होता आणि त्याखाली काय आहे ते दिसणे शक्य नव्हते. मी त्यांना वायर वळवायला सांगितली. ज्या भिंतीतून कॅमेरा आत शिरला होता तिची आतली बाजू मला छेदासाठी हवी होती.

वायर वळली. तिथेही लिंपण होते, तेच फराटे. ते जमिनीकडून वर चढत गेले होते आणि एका उंचीवर संपले होते. त्यावर उघड्या विटा.

"वरचा गिलावा गळला," इंजिनिअर म्हणाले.

मी मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ आणला. गळलेल्या गिलाव्याची कड तुटकी असते, जाड असते, तिची सावली पडते. इथे कड पातळ होत होत संपली होती. हात पोचेनासा झाला की संपते तशी. आणि ती उंची उभ्या माणसाच्या हाताची नव्हती. मी मनात मांडी घालून बसलेले माणूस धरले, त्याचा हात वर केला. जमले.

गुरुजींच्या बायकोने मोबाइल माझ्या हातातून घेतला. चष्मा नव्हता म्हणून लांब धरला.

"हे बाईचे हात हायेत," ती म्हणाली.

"कशावरून?" इंजिनिअर जरा हसून म्हणाले. "पुरुषही लिंपतात, आजी."

"लिंपत असतीन. पन तिथं बसून कोन लिंपन?" तिने बोट पडद्याजवळ नेले, पण टेकवले नाही. "पाणी दिलं असन सोबत, गडूभर. माती तं होतीच. बाई काई रिकामी बसन काय? घरावानी करून घेतलं तिनं."

इंजिनिअरनी वायर तशीच धरून ठेवली होती. पडद्यावरचे चित्र हलकेच पुढेमागे होत होते आणि या वेळी मी कारणे तपासायला गेले नाही.

नंतर इंजिनिअरनी गुरुजींना दोन गोष्टी नीट समजावून सांगितल्या. खात्री करायची असेल तर फटीकडची भिंत फोडून तळाचा ढीग उपसावा लागेल. मग बुरूज राहणार नाही, तो उतरवूनच घ्यावा लागेल. आत जे असेल ते मिळेल, किंवा काहीच मिळणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे आत काही न भरता बाहेरून दगडी टेकू बांधायचा आणि फट बंद करायची. बुरूज राहील. आत काय आहे ते पुन्हा कधी पाहता येणार नाही.

"मॅडम," गुरुजी माझ्याकडे वळले, "तुमच्या पुस्तकात काय लिवसान?"

"हाडं मिळाली तर माणूस लिहिता येईल. नाही तर नाही."

"म्हंजे फोडलं तर तुमाले पुरावा भेटते."

"हो." मला तो हवा होता. न सांगता त्यांना कळत होते. एवढा पुरावा या विषयात कुणाकडे नव्हता.

त्यांनी बुरुजावर हात ठेवला. उन्हात भिंत तापली होती, तरी काढला नाही. "आज्याले हेच माईत नव्हतं," ते म्हणाले. "कोनी हाय का नाही. मले हात दिसले. आता अजून फोडून काय पाहू? तिनं एवढं लिंपलं, अन् मी जाऊन पाडू?"

"मग टेकू?" इंजिनिअर म्हणाले.

"टेकू."

प्रबंधातल्या छेदात त्या जागी रेघा नाहीत. "पोकळी, आतून लिंपलेली" एवढेच लिहिले आहे आणि लिंपणाची उंची दिली आहे. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्यावर बोट ठेवून विचारले, हे पेव आहे का? मी म्हणाले, तोंड सापडले नाही. मग काय आहे? मी म्हणाले, ते तपासायचे नाही असे ठरले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि पान उलटले.

टेकू उभा राहिला तेव्हा मी हजर होते. फट बंद करण्याआधीची मापे घ्यायची होती. दगडकाम नीट झाले होते. गवंड्याने पांढरी माती, चुना आणि भुसा कालवून गोळे केले. पहिला गोळा लावणार एवढ्यात गुरुजींची बायको पुढे झाली आणि फटीला तोंड लावून बोलू लागली. शेजारच्या अंगणात हाक मारावी असा आवाज.

"माय वं, हे लोकं आता बंद करून राह्यले. भिऊ नको. पाडत नाहीत, टेकू देल्ला. तुह्या घरचे सगळे चांगले हायेत. नातीनं वकिली केली, बुलढाण्याले असते. ताट आमी घेत नाही कोनाचं." जरा थांबली. "तुहा मालक हाय का वं तिथं? का एकलीच हायस?"

मग तिने कान लावला. फोनवर पलीकडचा माणूस बोलत असताना थांबावे, तशी ती थांबली. एकदा मान हलवली. गुरुजींनी विचारले नाही, तिने सांगितले नाही. ती बाजूला झाली.

गवंड्याने गोळा लावला, दाबला, वरून थापीने सारखा केला. दुसरा कालवायला तो वळला आणि पुन्हा पाहिले तर फट उघडी होती. गोळा आत गेला होता. पडल्याचा आवाज कुणी ऐकला नाही. त्याने जरा घट्ट गोळा करून लावला. आम्ही सगळे पाहत होतो. ओली माती कडेने सुटली, मधोमध खळगा पडला आणि ती सावकाश आत सरकली. कुणीतरी पलीकडून हातात घ्यावी तशी.

"पान्यानं जड झाली," गवंडी म्हणाला. पण तो माझ्याकडे पाहून म्हणाला.

"कमी पाणी घाल," मी म्हटले. घातले. तीही गेली.

तेव्हा गुरुजींच्या बायकोने पदर खोचला, घमेल्यातली माती ओंजळीने उचलली आणि स्वतः फटीत भरू लागली. थापी घेतली नाही. भरली, तळव्याने दाबली आणि मग बोटे पसरून खालून वर लिंपत गेली, हात पोचेल तिथपर्यंत. झाल्यावरही तिने तळवा काढला नाही. आम्ही उभे होतो. बऱ्याच वेळाने तिने तो अलगद सोडवून घेतला आणि ओल्या मातीकडे पाहत राहिली.

गवंड्याने वाकून कडा तपासल्या.

"धरलं," तो म्हणाला, आणि थापी धुवायला घेतली.